भाचीच्या मृत्यूचा खटला आणि बाहेरची चर्चा

माझी साडेतीन महिन्यांची भाची 2017 च्या पावसाळ्यात एका पहाटे झोपेत गेली. काही महिन्यांनी तिच्या आईवडिलांवर, म्हणजे माझी धाकटी बहीण आणि माझे मेहुणे यांच्यावर, तिच्या खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि 2022 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने दोघांची निर्दोष मुक्तता केली. मधल्या काळात मी त्यांचा जामीनदार होतो, वकिलांकडे कागद पोचवत होतो आणि जवळजवळ प्रत्येक तारखेला शिवाजीनगरच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकत होतो. असे प्रकरण घडले की सगळे शहर त्यावर बोलते, परंतु तान्ह्या बाळाच्या मृत्यूनंतर कायद्याची आणि वैद्यकाची प्रक्रिया नेमकी कशी चालते, हे त्या बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ते बोलणे नुसते हवेत विरून जात नाही, ते साक्षीदारांच्या जबाबात जाऊन बसते. हे मी जवळून पाहिले, म्हणून लिहीत आहे.

चौकशी व्हायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. घरात तान्हे मूल मृत सापडले आणि कोणी काहीच विचारले नाही, असा समाज मला नको आहे. त्यातून बहिणीची ही दुसरी मुलगी. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा 1988 मध्ये देशात सर्वांत आधी केला तो हौसेने केलेला नव्हता, आणि 2011 च्या जनगणनेतही राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे 894 मुलीच होत्या. त्यामुळे ‘दुसरी मुलगी होती म्हणून…’ हा संशय लोकांनी आकाशातून काढला नव्हता. संशय घेणे आणि निकाल देऊन मोकळे होणे यांतले अंतर मात्र त्या आठवड्यात कोणीही पाळले नाही.

आधी कायदेशीर क्रम सांगतो. मेहुण्यांनी पहाटे बाळाला उचलले तेव्हा अंग गार लागले. ते दोघे रिक्षाने जवळच्या खासगी रुग्णालयात गेले, तिथल्या डॉक्टरांनी ‘आणण्यापूर्वीच मृत’ अशी नोंद केली आणि नियमाप्रमाणे पोलिसांना कळवले. अशा वेळी लगेच गुन्हा दाखल होत नाही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 प्रमाणे अकस्मात मृत्यूची नोंद होते (1 जुलै 2024 पासून हीच तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 मध्ये आहे). दोन पंचांसमोर मृतदेहाचा मरणोत्तर पंचनामा होतो आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी सरकारी रुग्णालयात जातो. शवविच्छेदनानंतर मृत्यूचे कारण सांगता आले नाही तर डॉक्टर ‘मत राखीव, व्हिसेरा राखून ठेवला’ असे लिहितात. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, विषाच्या तपासणीसाठी रासायनिक विश्लेषकाकडे जातो, अवयवांचे लहान तुकडे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी जातात, आणि दोन्हीकडचे अहवाल आल्यावरच अंतिम मत येते. यात महिने जातात. या महिन्यांत आईवडील आरोपी नसतात आणि संशयातून मोकळेही नसतात.

आमच्या प्रकरणात पंचनाम्यातल्या दोन वाक्यांनी पुढचे सगळे घडवले. पहिले वाक्य असे होते की चेहऱ्यावर व छातीवर जांभळट डाग दिसत असून नाकातोंडाभोवतीचा भाग पांढरट दिसतो. दुसरे असे की कमरेखाली मागील बाजूस रुपयाएवढा काळानिळा डाग दिसतो. दिसले ते लिहिले, यात पंचांची काहीही चूक नव्हती. परंतु हा मजकूर पोलीस ठाण्यातून बाहेर कसा गेला हे कळायच्या आतच दुसऱ्या दिवशी एका दैनिकात ‘चिमुकलीच्या अंगावर माराचे व्रण’ अशी बातमी आली. पंचनाम्यात ‘डाग’ होते आणि बातमीत त्यांचे ‘व्रण’ झाले.

त्या दिवसापासून पुढे जे बोलले गेले ते मी शक्य तेवढे जपून ठेवले, कारण वकिलांनी तसे सांगितले होते. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिले की बाळाला घाईघाईने पुरून टाकले, म्हणजे पाणी मुरते आहे. आपल्याकडे इतक्या लहान बाळाला दहन देत नाहीत, दफनच करतात, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असणार. मृतदेह शवविच्छेदन पूर्ण झाल्यावर पोलिसांच्या पत्रानेच आमच्या ताब्यात मिळाला होता आणि सगळे त्यांच्या माहितीत झाले होते. पण ‘घाईघाईने’ हा शब्द एकदा चिकटला की निघत नाही. एका वाहिनीने जिन्यातून उतरणाऱ्या बहिणीचे चित्रण दाखवून विचारले, ‘या आईच्या डोळ्यांत पाणी का नाही?’ त्याच चित्रणात तिची पाच वर्षांची थोरली मुलगी तोंड न झाकता दाखवली गेली. साक्षीदार होऊ शकणाऱ्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई आहे, हे आम्ही पुढे लेखी कळवले तेव्हा ते चित्रण उतरवले गेले. तोवर तिच्या शाळेच्या फाटकाशी पालकांचे घोळके तिच्याकडे पाहून बोलू लागले होते. नातेवाइकांतही दोन तट पडले. मेहुण्यांच्या आत्यांनी तर माझ्या आईला फोन करून विचारले, ‘वहिनी, खरं काय ते आम्हाला तरी सांगा.’ आईने त्यानंतर कित्येक दिवस कोणाचाच फोन उचलला नाही.

अंतिम वैद्यकीय मत आले तेव्हा विष नव्हते, हाड मोडलेले नव्हते, मेंदूत रक्तस्राव नव्हता. फुप्फुसांत रक्तसंचय होता आणि फुप्फुसांच्या व हृदयाच्या पृष्ठभागावर रक्ताचे बारीक ठिपके होते. मत असे दिले होते की मृत्यू श्वासावरोधाने, म्हणजे श्वास कोंडून, झाला असून नाक-तोंड दाबले गेल्याने असे होऊ शकते. ‘होऊ शकते’ या दोन शब्दांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम 302 (खून) आणि सोबत 34 (समान उद्देश) लावून. दोघांना अटक झाली. महिलेला जामीन देताना न्यायालयाला तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 437 मधल्या परंतुकाचा, म्हणजे अपवादाच्या तरतुदीचा, आधार घेता येत असे, शिवाय घरात लहान मूल होते, त्यामुळे बहीण आधी सुटली. मेहुणे दोषारोपपत्र दाखल झाल्यानंतर सुटले. जामीनदार होणे म्हणजे काय हे मला तेव्हा कळले. शिधापत्रिका, वेतनाचा दाखला, घराची कागदपत्रे आणि त्याखाली आपली सही. म्हणजे हा मनुष्य तारखेला हजर राहील याची हमी आपण आपल्या मालमत्तेवर देतो. माझ्या कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले होते, ‘तुम्हाला खात्री आहे ना?’ मी त्यांना सांगितले की बहीण तारखेला हजर राहील याची मला खात्री आहे, आणि बाळ कशाने गेले याची खात्री मला काय, अजून डॉक्टरांनाही नाही.

खटला उभा राहायला वेळ लागला. प्रकरण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून सत्र न्यायालयाकडे वर्ग झाले, दोषारोप निश्चित झाले, दोघांनी गुन्हा नाकबूल केला आणि मग साक्षीदारांना समन्स निघू लागली. 2020 मध्ये करोनामुळे न्यायालयांत फक्त तातडीची कामे चालू होती, तेव्हा सगळेच थांबले. या थांबलेल्या काळात मी वाचन केले. पुण्यात आमच्यासारखे प्रकरण ओळखीत कोणाचेच नव्हते, म्हणून जिथे सापडले तिथले वाचले.

ऑस्ट्रेलियात लिंडी चेंबरलेन या आईची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया ऑगस्ट 1980 मध्ये उलुरूजवळच्या तंबूतून नाहीशी झाली. डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, बाळाला घेऊन गेला असे आई पहिल्या क्षणापासून सांगत होती. दूरदर्शनवर ती शांत दिसली, पुरेशी रडली नाही, म्हणून देश तिच्या विरोधात गेला. 1982 मध्ये तिला जन्मठेप झाली. गाडीत बाळाचे रक्त सापडल्याचे न्यायालयात सांगितले गेले होते, त्यातला महत्त्वाचा फवारा पुढे गाडीच्या कारखान्यात मारलेल्या ध्वनिरोधक रसायनाचा निघाला. 1986 मध्ये बाळाचे जाकीट डिंगोंच्या वावराच्या जागी मिळाले तेव्हा ती सुटली, 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली आणि मृत्यूच्या दाखल्यावर खरे कारण चढायला 2012 साल उजाडले. हे वाचताना मला आमच्या वाहिनीचा ‘डोळ्यांत पाणी का नाही’ हा प्रश्न आठवत होता. ज्या आईचे अपत्य काही तासांपूर्वी गेले आहे तिने कॅमेऱ्यासमोर कसे दिसावे, याचा नियम कोणी केला?

इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क यांची दोन बाळे अशीच गेली होती. त्या स्वतः वकील. 1999 च्या खटल्यात एका नामांकित बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की अशा घरात दोन बाळे नैसर्गिकरीत्या अचानक जाण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक आहे. एका मृत्यूच्या शक्यतेला त्याच आकड्याने गुणून ही संख्या काढली होती, जणू एकाच आईवडिलांच्या दोन बाळांचा रक्ताशी, घराशी काही संबंधच नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने 2001 मध्ये या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि 2003 मध्ये, दुसऱ्या बाळाच्या तपासणीतला जंतुसंसर्गाचा अहवाल बचाव पक्षाला दिलाच नव्हता हे उघड झाल्यावर, शिक्षा रद्द झाली. 2007 मध्ये त्या वारल्या.

आमच्याकडे साक्षी सुरू झाल्या तेव्हा सर्वांत महत्त्वाची मानली गेलेली साक्ष शेजारच्या काकूंची होती. पोलिसांसमोरच्या त्यांच्या जबाबात लिहिले होते: ‘बाळाची आई मोठमोठ्याने रडत “माझ्यामुळे माझं बाळ गेलं” असे म्हणत होती, त्यावरून तिनेच बाळाला मारल्याची माझी खात्री झाली.’ म्हणजे वाहिनीच्या लेखी जी आई रडलीच नव्हती, ती या जबाबात टाहो फोडत होती आणि दोन्ही गोष्टी तिच्याच विरुद्ध वापरल्या जात होत्या. सरकार पक्षाने या वाक्याला न्यायालयाबाहेर दिलेली कबुली म्हटले.

सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना, काकूंनी जबाबाप्रमाणेच सांगितले. उलटतपासाला आमचे वकील उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही, दरडावले नाही. त्यांनी विचारले, ‘त्या आणखी काय म्हणत होत्या?’ काकू थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘ती म्हणत होती, मला झोप लागली, मी जागी असते तर माझं बाळ गेलं नसतं.’ वकिलांनी विचारले की हे पोलिसांना का सांगितले नाही. काकू म्हणाल्या, ‘सांगितलं होतं की. लिहिलं नसेल.’ पोलिसांसमोरच्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, त्यामुळे आपले म्हणून जे लिहिले गेले ते साक्षीदार बहुधा न्यायालयातच पहिल्यांदा ऐकतो. मग शेवटचा प्रश्न आला: ‘तिनेच मारल्याची तुमची खात्री कशावरून झाली?’ काकूंनी न्यायाधीशांकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘सगळेच तसं म्हणत होते. पेपरातही आलं होतं.’ त्यांचा जबाब घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी घेतलेला होता. काकूंविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. ज्या पहाटे बहिणीला धरून बसायला घरचे कोणी पोचले नव्हते, तेव्हा त्याच तिला धरून बसल्या होत्या, आणि शपथेवर विचारल्यावर त्यांनी पूर्ण वाक्य सांगितले.

आमच्या निकालाच्या पुढच्या वर्षी, जून 2023 मध्ये, ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोल्बिग या आईला माफी मिळून ती तुरुंगातून सुटली आणि डिसेंबरमध्ये तिची शिक्षाही रद्द झाली. तिची चार बाळे 1989 ते 1999 या काळात गेली होती आणि 2003 पासून ती तुरुंगात होती. तिच्याविरुद्धचा मोठा पुरावा तिच्या रोजनिशीतली स्वतःला दोष देणारी वाक्ये हाच होता. पुढे शास्त्रज्ञांना तिच्या दोन मुलींमध्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारा एक दुर्मीळ जनुकीय बदल आढळला. मूल गेलेली आई ‘माझ्यामुळे’ म्हणते, हे मी तर माझ्या आजीच्या तोंडूनही ऐकले आहे. तिचा मुलगा देवीच्या साथीत गेला होता आणि ती म्हातारपणापर्यंत स्वतःलाच दोष देत असे.

त्यानंतरची साक्ष बाळाला अंघोळ घालणाऱ्या मावशींची. त्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गेली कित्येक वर्षे बाळ-बाळंतिणीच्या मालीशचे काम करतात. सरकार पक्षाच्याच साक्षीदार म्हणून त्यांना बोलावले होते, कारण जबाबात त्यांचे एक वाक्य होते: ‘बाळाच्या कमरेखाली काळानिळा डाग मी पाहिला आहे.’ मावशी पिशवी खाली ठेवून पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, शपथ घेतली आणि ते वाक्य त्यांनी तसेच सांगितले. उलटतपासात वकिलांनी एवढेच विचारले की तो डाग त्यांनी पहिल्यांदा केव्हा पाहिला.

‘पहिल्या दिवशी,’ मावशी म्हणाल्या. ‘दवाखान्यातून घरी आणलं ना, त्या दिवशी. पायावर पालथं घेतलं तेव्हा दिसला. मला वाटलं, काही लागलंय का काय. डाळीच्या पिठानं चोळून जाईना, म्हणून तिच्या आजीला विचारलं. आजी म्हणाल्या, हिच्या आईलापण होता, दोन-चार वर्षांत जातो आपोआप.’ न्यायाधीशांनी लघुलेखकांना मजकूर सांगताना मध्येच थांबून मावशींना स्वतः विचारले, ‘तुम्ही अशी बाळं आणखी पाहिली आहेत का?’ मावशी म्हणाल्या, ‘साहेब, मी अंघोळ घालते त्यातल्या कितीतरी बाळांना असतो तो. कोणाला पाठीला, कोणाला कुल्ल्यावर.’ पोलिसांनी हे विचारले नव्हते का, यावर त्यांचे उत्तर होते, ‘डाग होता का, एवढंच विचारलं. होता म्हणाले.’

त्या डागाला वैद्यकात मंगोलियन स्पॉट म्हणत आले आहेत. भारतीय बाळांत तो फार मोठ्या प्रमाणात आढळतो, जन्मापासून असतो, दुखत नाही आणि वाढत्या वयात फिका होत जातो. मुक्या माराच्या वळासारखा दिसत असल्याने तो वेळीच लिहून ठेवावा, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळाच्या जन्मवेळच्या डिस्चार्जच्या कागदांवर, ‘त्वचा’ या रकान्यासमोर, त्याची नोंद होती. ती फाइल बहिणीच्या कपाटात पहिल्यापासून होती आणि ती न्यायालयापुढे आणायला आम्हाला रीतसर अर्ज करून त्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागले.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा उलटतपास दोन तारखांना चालला. मला त्यांच्याविषयी आदर वाटला, कारण प्रत्येक उत्तर त्यांनी जपून आणि सरळ दिले. चेहऱ्यावरचे जांभळट डाग कशाचे, या प्रश्नावर त्यांनी सांगितले की हृदय थांबल्यावर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरते आणि तिथली त्वचा जांभळी दिसू लागते, ती दुखापत नव्हे. बाळ पालथे असेल तर हे डाग चेहऱ्यावर आणि छातीवर येतील का? येतील. नाक आणि तोंड गादीवर टेकलेले असेल तर दाबामुळे तिथे रक्त उतरणार नाही आणि तेवढा भाग पांढरट राहील का? राहील. ओठांच्या आतल्या बाजूला, हिरड्यांना, नाकाला इजा होती का? नव्हती. फुप्फुसांवरचे बारीक ठिपके झोपेत अचानक गेलेल्या बाळांतही आढळतात का? आढळतात, बहुसंख्य वेळा. आणि शेवटी वकिलांनी विचारले, ‘केवळ शवविच्छेदनावरून, झोपेत अकस्मात झालेला मृत्यू आणि मऊ वस्तूने नाक-तोंड दाबले गेल्याने झालेला मृत्यू यांत फरक करता येतो का?’ डॉक्टर म्हणाले, ‘केवळ शवविच्छेदनावरून नाही. घटनास्थळ, बाळाची स्थिती, आधीचा वैद्यकीय इतिहास हे सगळे पाहावे लागते.’ बाळ पालथे सापडले, हे मेहुण्यांनी पहिल्याच दिवशीच्या जबाबात सांगितलेले होते.

हेच ऐकताना बहिणीचे काय झाले ते मी पाहिले. पोटातला वायू सुटावा म्हणून बाळाला पालथे निजवायचा सल्ला आमच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांचा होता. पहिल्या वर्षात बाळाला नेहमी उताणे निजवावे, अंथरूण सपाट आणि घट्ट असावे, बाळाजवळ उशी, दुलई, सैल गोधडी असू नये, हे वैद्यकाला तीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये 1991 मध्ये याची मोहीम सुरू झाल्यावर अशा मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. झोपेतल्या अकस्मात मृत्यूचा धोका दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वाधिक असतो. लस चुकू नये म्हणून आमच्या घरी जेवढी धडपड झाली तेवढ्याच आग्रहाने हे कोणी सांगितले असते तर? त्या दिवशी न्यायालयातून बाहेर पडल्यावर कामगार पुतळ्याच्या दिशेने चालताना ती मला म्हणाली, ‘दादा, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे त्यांनी निदान एवढे तरी इथून घेऊन जावे.

अंतिम युक्तिवादात सरकारी वकिलांचा भर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 106 वर होता. बंद घरात रात्री जे घडले ते फक्त आरोपींना ठाऊक असू शकते, तेव्हा त्याचा खुलासा त्यांनीच करावा, असा तो मुद्दा आहे आणि घरात झालेल्या अनेक मृत्यूंत तो योग्यच ठरतो. बचाव पक्षाने सर्वोच्च न्यायालयाचा 1956 चा शंभूनाथ मेहरा खटल्यातला निवाडा दाखवला: गुन्हा घडला हे आधी सरकार पक्षाने सिद्ध करायचे असते, ते ओझे या कलमाने आरोपीच्या डोक्यावर जात नाही. इथे खून झाला की नाही, हाच मूळ प्रश्न होता. त्यानंतर त्यांनी 1984 चा शरद बिरधीचंद सारडा खटल्याचा निवाडा वाचला. तो खटला पुण्यातच घडलेल्या एका विवाहितेच्या मृत्यूचा, आणि पुण्याच्याच सत्र न्यायालयात सुरू झालेला. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी याची पाच सूत्रे त्यात सांगितली आहेत. आरोपी दोषी ‘असू शकेल’ आणि दोषी ‘असलाच पाहिजे’ यांत मोठे अंतर आहे आणि ते पुराव्याने भरून निघाले पाहिजे, हा त्यांचा गाभा. आमच्या प्रकरणातले वैद्यकीय मत ‘होऊ शकते’ याच्या पुढे कधी गेलेच नव्हते.

निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिले की मृत्यू मनुष्यवधाचा होता हेच सिद्ध झालेले नाही. बाळ कशाने गेले हे निकालपत्र सांगत नाही, सांगू शकत नाही, आणि आम्हीही ते कधी निश्चितपणे सांगू शकणार नाही. हे जगाला समजावणे फार अवघड जाते. ‘मग झालं काय होतं?’ असे अजूनही विचारले जाते आणि ‘कळलेले नाही’ या उत्तरावर लोक असे पाहतात की जणू आपण काही लपवत आहोत.

सुटका झाली त्या दिवशी मला पुन्हा जामीनदार म्हणून सही करावी लागली. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 437-अ प्रमाणे निर्दोष सुटलेल्यांनाही, वरिष्ठ न्यायालयात अपील झाल्यास हजर राहू, असे सहा महिन्यांचे बंधपत्र द्यावे लागत असे. अपील झाले नाही.

राहिल्या त्या बातम्या. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका अभिनेत्याच्या मृत्यूच्या वार्तांकनासंदर्भात, तपास चालू असताना माध्यमांनी समांतर खटला चालवणे हा न्यायप्रक्रियेत हस्तक्षेप आहे, असे स्पष्ट म्हटले. त्या निवाड्याचा दाखला देऊन आणि निकालपत्राची प्रमाणित प्रत जोडून आम्ही ज्यांनी ज्यांनी 2017 मध्ये दोघांची नावे छापली त्या सर्वांना लिहिले. अटकेच्या बातमीला पहिल्या पानावर जागा होती. सुटकेची बातमी एकाच दैनिकाने आतल्या पानावर चार ओळींत दिली. एका संकेतस्थळाने जुन्या बातमीच्या खाली निकालाची ओळ जोडली, त्याबद्दल आम्ही त्यांचे आभार मानले. दुसऱ्याने नावे काढली. इतरांकडून उत्तर आलेले नाही. मेहुण्यांनी नव्या नोकरीसाठी अर्ज केला की त्यांचे नाव शोधणाऱ्याला ‘चिमुकलीच्या अंगावर माराचे व्रण’ ही बातमी अजूनही सापडते, म्हणून ते आता प्रत्येक अर्जासोबत निकालपत्राचे शेवटचे पान स्वतःहून जोडतात.